रविवारचं ताट, सोमवारची जलेबी

बुऱ्हाणपुरातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी अठरा वर्षं काम करते आहे. रक्त, लघवी, शौच, पू, थुंकी, माणसाच्या अंगातून जे जे बाहेर पडतं ते माझ्या टेबलावर येतं. क्षयाचा संशय असलेल्या माणसाचा बलगम, म्हणजे खोकल्यातली थुंकी, काडीने काचेच्या स्लाइडवर पसरवायचा असतो, तेव्हा नव्याने आलेल्या मुली तोंड फिरवतात. एक मुलगी तर पहिल्याच आठवड्यात नोकरी सोडून गेली. मला कधी काही झालं नाही. काम आटोपून, हात धुऊन, मी बाहेरच्या बाकावर बसते आणि डबा खाते. "ताई, तुम्हाला घिन नाही येत का हो?" मुली विचारतात. घिन म्हणजे किळस. आमच्याकडे हिंदीतलाच शब्द चालतो.

येते. पण थुंकीची नाही येत. मला किळस येते मावा जलेबीची.

हे बुऱ्हाणपुरात राहून म्हणायचं म्हणजे लोक वेड्यात काढतात. बाहेरगावचा पाहुणा इथे उतरला की आधी तिचीच चौकशी करतो. काळपट, जाडजूड, खव्याची, पाकात निथळणारी. इंदूर-भोपाळला निघालेला माणूस एक डबा तरी बांधून नेतोच. त्या खमंग खव्याचा नि तुपाचा वास नाकात शिरला की माझ्या जिभेच्या मुळाशी पाणी सुटतं. भुकेचं नव्हे, उलटीच्या आधी सुटतं ते, खारट आणि पातळ. लॅबमधून घरी जायला दहा मिनिटांचा रस्ता आहे. मी पंचवीस मिनिटांचा घेते, कारण दहा मिनिटांच्या रस्त्यावर दोन दुकानं आहेत.

माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, हायस्कुलात गणित शिकवायचे. बुऱ्हाणपुरातल्याच राजपुऱ्यात एका घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही भाड्याने राहायचो. दोन खोल्या, एक गॅलरी, खाली उतरायला अरुंद दगडी जिना. अण्णा, आई आणि मी. अण्णांना दारू नाही, विडी नाही, तंबाखू नाही. रस्त्याने चालले की दुकानदार गल्ल्यावरून उठून "नमस्ते सरजी" म्हणायचे. आणि त्यांनी आईवर कधी हात उचलला नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण अण्णा स्वतःच तो दाखला द्यायचे. "मी कधी हात लावला का? सांग. लावला का?" आई मानेनेच नाही म्हणायची.

ते ताटात थुंकायचे.

बहुतेक वेळा रविवारी. इतर दिवशी शाळेची घाई असायची, रविवारी मात्र ते सावकाश जेवायला बसायचे. पहिला घास तोंडात घालून थांबायचे. भाजीत मीठ जास्त, नाहीतर पोळी एका बाजूने कच्ची, नाहीतर वरणात खडा. काहीच नसलं तर आईचा चेहरा. ते ओरडायचे नाहीत. घास चावून चावून पातळ करायचे आणि मग पुढे वाकून तो ताटात थुंकायचे, भाजीवर, भातावर, पोळीवर. थुंकी आणि अन्न मिळून एक फेसाळ गोळा व्हायचा. मग बोटाने ताट आईकडे सरकवायचे. "हे तू खा." एवढं म्हणून उठायचे, मोरीत हात धुवायचे, साबण लावून, कोपरापर्यंत. त्या हात धुण्याचा आवाज मला अजून ओळखता येतो. समाधानी माणसाचा आवाज होता तो.

सोमवारी पहाटे ते तापीकडे फिरायला जायचे आणि येताना मावा जलेबीचा डबा आणायचे. पुठ्ठ्याचा डबा, तळाला तुपाचा डाग उमटलेला. तो त्यांनी आईच्या हातात एकदाही दिला नाही. मला हाक मारायचे. "जा, आईला दे. म्हणावं, गरम आहे." मी डबा घेऊन स्वयंपाकाच्या कट्ट्याशी जायची. आई माझ्याकडे बघायची, दारातून बघणाऱ्या अण्णांकडे बघायची, एक तुकडा मोडून तोंडात टाकायची आणि हसायची. अण्णा वर्तमानपत्र उघडायचे. झालं, मिटलं.

मला त्या कामाचा अभिमान वाटायचा, हे सांगायला आज लाज वाटते. मला वाटायचं, मीच समेट घडवून आणते. आईच्या तोंडात तो तुकडा जाईपर्यंत मी श्वास धरून उभी असायची, आणि ती हसली की मलाही एक जलेबी मिळायची. मी ती बोटं चाटून खायची.

या घरात वाढताना मी काही गोष्टी शिकले. अण्णांच्या चपलांचा जिन्यावरचा आवाज ऐकून दुपार कशी जाणार हे मला खालच्या चौथ्या पायरीला कळायचं. रविवारी अण्णा पाटावर बसायच्या आधी मी स्वयंपाकात जाऊन प्रत्येक पदार्थ बोटाने चाखून बघायची, मीठ बरोबर आहे का, खडा नाही ना. शनिवारी संध्याकाळपासून माझं पोट दुखायचं. वैद्याने जंताचं औषध दिलं, मग दुसऱ्याने दिलं, मग तिसऱ्याने. जंत कधी पडले नाहीत. आणि गणिताच्या मास्तरांची मुलगी असून मला गणित यायचं नाही. अण्णा समोर बसून साधा भागाकार विचारायचे आणि माझ्या डोक्यात पांढरं पांढरं व्हायचं. आकडे दिसायचे, पण त्यांचा अर्थ कुठेतरी निघून गेलेला असायचा. "डोकं आहे की खोकं?" अण्णा म्हणायचे.

एका रविवारची गोष्ट मात्र मला वेगळी सांगायला हवी. मी दहा वर्षांची असेन. आईने शेवभाजी केली होती. देडतलाईच्या तिच्या माहेराहून आलेला मसाला घातलेला, लालभडक तर्री. अण्णांनी घास घेतला, थांबले, आणि थुंकले. नेहमीसारखे उठले, हात धुतले, बाहेरच्या खोलीत जाऊन पडले. आई ताट घेऊन आत गेली. मी तिच्या मागे गेले. मला वाटलं, ती ते मोरीत ओतेल. तिने चमच्याने वरवरचा थुंकीचा गोळा काढला, कडेला टाकला, आणि उरलेल्या भाजीत पोळी बुडवून उभ्या उभ्या खायला लागली.

मी म्हटलं, "आई, अगं!"

ती म्हणाली, "वरचं काढलं ना बाई. खालचं चांगलं आहे. तेल केवढं गेलंय त्याच्यात."

मी बघत राहिले. तिच्या ओठाच्या कोपऱ्याला लाल तर्री लागली होती. ती घाईघाईने खात होती, कुणी बघायच्या आत संपवावं तशी, आणि बघत मी होते. मला अण्णांची किळस त्याआधीही यायची. त्या दिवशी मला आईची किळस आली. ती सांगता येण्यासारखी गोष्ट नव्हती, म्हणून ती तशीच पोटात राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी डबा दिला. "जा, आईला दे." आईने तुकडा खाल्ला, हसली. मला जलेबी मिळाली. ती तोंडात घातली आणि मला त्या ताटातला फेस दिसला. मी मोरीपर्यंत पोचू शकले नाही, तिथेच कट्ट्याखाली ओकले. अण्णा दारातून म्हणाले, "हावरटासारखं खाल्लं असेल." त्यानंतर मी ती कधीच खाल्ली नाही. डबा मात्र अजून सहा वर्षं नेऊन दिला.

लग्न झालं ते जसोंडी गावच्या केळीवाल्या घरात. नवऱ्याचे भाऊ शेती बघतात, नवऱ्याचं शहरात पंपाच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. शांत माणूस. पानात जे पडेल ते खातो, मीठ कमी असलं तर स्वतः उठून घेतो. पहिल्या वर्षी तो मीठ घ्यायला उठला की माझे हात गार पडायचे. साखरपुड्याला सासरच्या बायकांनी कौतुकाने माझ्या तोंडात मावा जलेबी कोंबली होती, आणि मी मांडवामागे जाऊन ओकले होते. "पित्त आहे हिला," आईने सगळ्यांना सांगितलं. तेच पुढे कायम झालं. मला पित्त होतं म्हणून मी गोड खात नाही, असं सासर-माहेर दोन्हीकडे ठरून गेलं.

पोट खरंच बिघडलेलं होतं. सणावाराच्या आधी जुलाब, पाहुणे यायचे असले की मळमळ, झोपेत दात खायची सवय. गोळ्या झाल्या, काढे झाले, माझ्याच लॅबमध्ये माझ्याच हाताने माझं रक्त काढून तपासलं. यकृत ठीक, थायरॉइड ठीक, साखर ठीक. शेवटी इंदूरला जाऊन तोंडातून नळी घालून पोट बघितलं. डॉक्टर म्हणाले, "एकदम साफ आहे. सगळं खा." नवरा इतका खूश झाला की परतीच्या बसमध्ये त्याने सगळ्यांना फोन करून सांगितलं.

ते साफ पोटच पुढच्या गोष्टीचं कारण झालं.

मागच्या वर्षी एका शनिवारी संध्याकाळी आमचं भांडण झालं. अण्णा आता ऐंशीच्या घरात आहेत, आईचे गुडघे गेलेत. नवरा म्हणाला, "दोघांना आपल्याकडे घेऊन येऊ. जागा आहे. सर इतके शांत माणूस, त्यांचा काय त्रास?" मी नाही म्हटलं. तो म्हणाला, "का?" मला का ते सांगता येईना. पंधरा वर्षांच्या संसारात मी त्याला अण्णांबद्दल एक अक्षर बोलले नव्हते. सांगायचं तर ताटापासून सांगावं लागलं असतं, आणि आईने ते खाल्लं तिथपर्यंत यावं लागलं असतं. मी ओरडायला लागले. काय बोलले आठवत नाही, त्याच्या भावांवर गेले, त्याच्या दुकानावर गेले.

रविवारी सकाळी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. माझी नऊ वर्षांची मुलगी मागे येऊन उभी राहिली. तिच्या दोन्ही हातात पुठ्ठ्याचा डबा होता. तळाला तुपाचा डाग.

"मम्मी, पप्पांनी दिलंय. बोले, मम्मीला दे आणि सॉरी बोल. गरम आहे, खा ना."

दारात नवरा उभा होता, ओशाळं हसत. त्याच्या मनात एवढंच होतं की आता पोट साफ आहे, आता तिला चालेल.

मी थुंकले.

विचार करून नाही. तोंडात पाणी भरून आलं आणि मी वाकून थुंकले, डब्यावर. झाकणावर पडलं, आणि मुलीच्या अंगठ्यावर पडलं. तिने अंगठ्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. रडली नाही. डबा हळूच जमिनीवर ठेवला, आत गेली, आणि बेसिनचा नळ सुरू झाल्याचा आवाज आला. तो किती तरी वेळ बंद झाला नाही. नवरा म्हणाला, "अगं, काय केलंस हे?" त्याच्या तोंडावर जे दिसलं ते मी ओळखलं. ती किळस होती, आणि ती माझी होती.

दिवसभर मी ओठ पुसत होते. अण्णांचं तोंड माझ्या तोंडाच्या आत आहे, त्यांची थुंकी माझ्या गालात तयार होते आहे, असं वाटत होतं. मुलीची मी माफी मागितली. ती म्हणाली, "ठीक है मम्मी," आणि दप्तर भरायला लागली. पुढच्या रविवारी मी कणीक मळत होते तेव्हा ती कट्ट्याशी आली.

"मम्मी, मी भाजी टेस्ट करून बघू? नमक बराबर आहे का बघते. नाहीतर तुला राग येईल."

मी हातातली कणीक खाली ठेवली. भाजीत मीठ बरोबर आहे का हे तपासायला माझी मुलगी उभी होती, आणि तिला हे कुणीही शिकवलं नव्हतं. मी शिकवलं होतं, एका सेकंदात.

गावात एक मानसोपचार डॉक्टर बाई आहेत. त्यांना मी अठरा वर्षांत फक्त चिठ्ठ्यांवरच्या सहीने ओळखत होते. त्यांच्या रोग्यांचं रक्त आमच्याकडे येतं. गुरुवारी दुपारी मी ओढणीने तोंड झाकून त्यांच्या दवाखान्यातल्या बाकावर बसले. दोन ओळखीचे चेहरे होते. दोघांनीही माझ्यासारखीच मान खाली घातली. आत गेल्यावर मी आधी पोटाचं सांगितलं, मग रिपोर्ट काढले. बाईंनी ते बाजूला ठेवले.

"रिपोर्ट चांगले आहेत. आता घडलं काय ते सांगा."

मी सांगितलं. डब्यापासून मागे मागे जात ताटापर्यंत. आईने खाल्लं ते सांगताना मला मधेच थांबावं लागलं. बाईंनी कचऱ्याची बादली माझ्याजवळ सरकवली. एवढी साधी सोय कुणी माझ्यासाठी आधी केली नव्हती.

मग त्या म्हणाल्या, "आपण जे बघतो, ऐकतो, ते मेंदूत आधी एका ठाण्यावर थांबतं, तिथून पुढे जातं. वासाचं तसं नाही. तो जवळजवळ थेट आत जातो, जिथे धोक्याची सूचना देणारा बदामाएवढा भाग आहे तिथे. आणि आठवणी धरून ठेवणारा भाग त्याच्या अगदी शेजारी आहे. म्हणून विचार करायच्या आधी तुमचं पोट ढवळतं."

"पण मला कळतं ना मॅडम, की ती नुसती मिठाई आहे."

"ते कळणं कपाळामागच्या भागाचं काम. तो या बदामाला आवरतो, म्हणतो, काही नाही, शांत राहा. पण मूल वर्षानुवर्षं सावध राहून वाढलं, की धोक्याकडे जाणारी जोडणी रोजच्या वापराने पक्की होते आणि आवरणारी कच्ची राहते. भीतीने अंगात जी रसायनं सुटतात ती रोज रोज सुटत राहिली की झोप बिघडते, पोट बिघडतं, लक्ष लागत नाही. तुम्हाला भागाकार येत नव्हता ना? भागाकार करणारा भाग त्या वेळी मोकळाच नव्हता. तो सगळा मेंदू वडिलांच्या चेहऱ्याकडे बघत होता."

मला एकदम रडू आलं. चाळीस वर्षांची बाई एका भागाकारासाठी रडत होती.

"म्हणजे माझा मेंदू बिघडला?"

"त्या घरात जे कामाला येईल ते तो शिकला. आता घर बदललंय, त्याला ते अजून कळलेलं नाही. नवीन जोडण्या मोठेपणीही होतात. पण खोटं सांगत नाही, भीती उतरायला वेळ लागतो आणि किळस उतरायला त्याहून जास्त."

मी विचारलं, "आणि मी थुंकले ते?"

बाई म्हणाल्या, "किळस आली की थुंकणं, हे तान्ह्या बाळालाही येतं. औषध कडू लागलं की ते थुंकतं. पण कोणावर थुंकायचं, हे माणूस घरात बघून शिकतो. मुलीशी बोला. तिला कारण सांगा. तिची चूक नव्हती हे तिला एकदा सांगून पुरणार नाही, पुन्हा पुन्हा सांगा."

त्या संध्याकाळी मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो मोटारीची तार गुंडाळता गुंडाळता ऐकतो तसा खाली मान घालून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "मी पंधरा वर्षं त्यांच्या पाया पडतोय." उठून बाहेर गेला, परत आला, म्हणाला, "मला आधी सांगायला पाहिजे होतं तू." त्याचं बरोबर होतं. मुलीला मी तिच्या वयाला झेपेल तेवढं सांगितलं. की मी लहान असताना घरात एक घाणेरडी गोष्ट व्हायची, आणि तिच्या नंतर तो डबा यायचा, आणि माझं डोकं अजून ते विसरलेलं नाही. तिने विचारलं, "मग पप्पा पण घाणेरडे?" मी म्हटलं, नाही. "मग तू?" मी म्हटलं, त्या दिवशी मी घाणेरडं वागले. तिने त्यावर विचार केला आणि मान हलवली. मला ते बरं वाटलं. तिने माझी समजूत घातली असती तर मला आवडलं नसतं.

उपचार सुरू झाले. झोपेसाठी थोडे दिवस गोळी, दर पंधरा दिवसांनी बोलणं, आणि घरी करायचा अभ्यास. आधी डब्याचं चित्र बघायचं. मग रिकामा डबा टेबलावर ठेवायचा. मग दुकानाच्या कोपऱ्यावर उभं राहायचं, श्वास मोजत, आणि मळमळ वर चढून आपोआप खाली उतरेपर्यंत पळायचं नाही. पहिल्यांदा मी विजेच्या खांबाला धरून उभी होते. दुकानदाराने विचारलं, "बहनजी, तबीयत ठीक है?" आणि प्रेमाने एक जलेबी कागदावर ठेवून पुढे केली. मी पळाले.

मधेच अण्णांचा सत्कार झाला. जुन्या विद्यार्थ्यांनी हॉल घेतला होता, शाल, श्रीफळ, मोठा हार. मला पहिल्या रांगेत बसवलं. एक जण भाषणात म्हणाला, "सरांनी आयुष्यात कधी आवाज चढवला नाही." खरं होतं ते. दुसरा म्हणाला, "वहीत एक डाग दिसला तर सर पूर्ण पान पुन्हा लिहायला लावायचे. स्वच्छता आम्ही सरांकडून शिकलो." टाळ्या झाल्या. अण्णा हात जोडून बसले होते, ओठ रुमालाने टिपत. मग आईला मंचावर बोलावलं. "सरांच्या यशामागची शक्ती." ती गुडघे धरत चढली आणि लोकांकडे बघून हसली. तेच हसू. मला हॉलमधून बाहेर जावं लागलं. नळावर मी चूळ भरली, तरी तोंड कडूच राहिलं. त्या हाराची, त्या टाळ्यांची, पुढच्या रांगेत नीट साडी नेसून बसलेल्या माझी, सगळ्यांचीच मला किळस आली होती.

दुसऱ्या दिवशी मी राजपुऱ्यात गेले. अण्णा पेन्शनच्या कामासाठी बँकेत गेले होते. आई मेथी निवडत होती. मी सरळ विचारलं, "आई, तू ते खायचीस कशी?"

कोणतं, असं तिने विचारलं नाही. एक जुडी संपवली, मग म्हणाली, "तू बघायचीस म्हणून लवकर लवकर खायची. तू जाशील मग टाकते, असं मनात यायचं. तू जायचीसच नाही."

"आणि जलेबी?"

"ती मला पहिल्यापासून आवडत नाही गं. लई गोड." ती मेथीकडेच बघत होती. "ते डबा तुझ्या हातात द्यायचे. तू अशी उभी राहायचीस, डोळे एवढे करून. तुझ्या हातातलं असलं की नाही म्हणता यायचं नाही. त्यांना ते माहीत होतं."

मी इतकी वर्षं समजत होते की तिने स्वतःची किंमत एका डब्याला लावली. तिच्या घशाखाली तो तुकडा माझ्यासाठी उतरत होता. हे ऐकून मला हलकं वाटायला हवं होतं. मला अण्णांचा राग आला, आधी कधी आला नव्हता इतका. त्यांनी माझे हात वापरले होते.

ते आल्यावर मी त्यांच्यासमोर बसले. म्हटलं, "अण्णा, तुम्ही ताटात थुंकायचात ते मला आठवतं."

त्यांनी चष्मा पुसला. "असं काही मला आठवत नाही. तुझ्या आईने काहीतरी डोक्यात भरवलंय."

"आईने नाही. मी बघितलंय."

"अन्न कधी आवडलं नसेल. कोणाच्या घरात होत नाही?" मग दुखावल्यासारखे म्हणाले, "आणि दुसऱ्या दिवशी मी काय आणायचो, ते नाही आठवत तुला?"

म्हणजे आठवत होतं. मी उठले. चपला घातल्या आणि निघाले.

दोघांना आम्ही आमच्याकडे आणलं नाही. नातेवाइकांनी नावं ठेवली, अजून ठेवतात. लेक एवढ्या जवळ आणि म्हातारे आईबाप परक्या हातचं जेवतात, असं माझ्या तोंडावर बोलतात. स्वयंपाकाला एक बाई लावली. तिने दुसऱ्याच महिन्यात काम सोडलं. का सोडलं ते तिने सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. आता डबा लावला आहे. महिन्यातून एकदा मी जाते, त्यांचं रक्त काढते, औषधं भरते, आणि त्या घरात पाणीही न पिता परत येते. डॉक्टर बाई म्हणतात, माफ करायची सक्ती नाही. मला तेवढं पुरतं.

मुलगी चार-पाच महिने दर रविवारी भाजी चाखत होती. मग एकाआड एक रविवार. मागच्या महिन्यात ती स्वयंपाकघरात आलीच नाही, बाहेर मैत्रिणीबरोबर सायकल फिरवत होती. जेवायला बसल्यावर म्हणाली, "आज दाल कसली फीकी आहे," आणि स्वतः लोणचं घेतलं. माझे हात गार पडले नाहीत. दुकानासमोरून मी आता चालत जाऊ शकते, श्वास रोखून. मळमळते, पण वर येत नाही.

दिवाळीनंतर आई गुडघ्याच्या इलाजासाठी दोन दिवस आमच्याकडे राहायला आली. लग्नानंतर ती अण्णांशिवाय कुठे राहिलीच नव्हती. तिसऱ्या दिवशी अण्णांचा फोन आला, डबेवाला भात कच्चा देतो म्हणून. आईने ऐकून घेतलं, बरं म्हणाली, आणि फोन ठेवला. सकाळी उशिरापर्यंत झोपायला लागली. दुपारी माझ्या मुलीबरोबर टीव्ही बघायची आणि हिंदी मालिकेतल्या सासूला मनसोक्त शिव्या द्यायची. नवव्या दिवशी मी विचारलं, तिकीट-बिकीट काही नाही, रिक्षानेच जायचंय, कधी सोडू?

ती म्हणाली, "अजून दोन दिवस राहते."

त्यानंतर मी तिला विचारलेलं नाही.